हॉस्पिटलमध्ये नवीन सॉफ्टवेअर येतंय? सिस्टर, डेमोच्या आधीच कामाला लागा

सकाळचे पावणेअकरा. आठचे डोस झालेत, राऊंड झालाय, दोन डिस्चार्ज लागलेत, एक पेशंट ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) गेलाय आणि आत्ता कुठे मला कॉम्प्युटरसमोर बसून सकाळच्या औषधांची नोंद करायला वेळ मिळालाय. नऊ नंबर बेडचं आठ-आठ तासांनी द्यायचं अँटिबायोटिक मी ८:१० ला दिलेलं, घड्याळ बघून दिलेलं. पण स्क्रीनवर ‘दिलं’ असं क्लिक केलं तशी वेळ पडली १०:४७ आणि ती काही केल्या बदलेना. सिस्टीमने पुढचा डोस आपोआप संध्याकाळी ६:४७ ला नेऊन ठेवला. दुपारची सिस्टर नवीन होती, तिने स्क्रीनवर दिसलं तसं दिलं, म्हणजे आठ तासांचं अंतर झालं साडेदहा तासांचं. पेशंटला सुदैवाने काही झालं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

ज्याने ते सॉफ्टवेअर लिहिलं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की वॉर्डात औषध देण्याची वेळ आणि नोंद करण्याची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आणि हे सांगायला हवं होतं आम्हीच. आम्ही चौघी डेमोला बसलो होतो, त्यांनी त्यांच्या लॅपटॉपवर वीस मिनिटं स्क्रीन दाखवल्या, आम्ही "छान आहे" म्हणालो आणि वॉर्डात परत आलो कारण वॉर्ड भरलेला होता.

त्यानंतर अजून दोन सिस्टीम बसताना बघितल्या, शेवटच्या वेळी सॉफ्टवेअरच्या कमिटीत होते. त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय, स्टाफ नर्ससाठी, इनचार्जसाठी, आणि ब्रदर लोकांसाठीसुद्धा (म्हणजे पुरुष नर्स). डेमोपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. तोवर स्क्रीन तयार असतात, बिल ठरलेलं असतं, आणि तुमच्या प्रत्येक अडचणीवर "पुढच्या व्हर्जनमध्ये बघू" एवढंच उत्तर मिळतं. त्यामुळे सॉफ्टवेअर येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी त्याच आठवड्यात पुढचं काम सुरू करा.

पहिलं काम: एक शिफ्ट जशी घडते तशी लिहून काढा

हे सगळ्यात कामाचं आहे आणि यालाच कुणी वेळ देत नाही. दोन सिस्टर घ्या. एक नेहमीसारखं काम करेल, दुसरी तिच्या मागे वही घेऊन फिरेल, सकाळी ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती आणि चार्ज) घेतल्यापासून दुपारी ओव्हर देईपर्यंत. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते नको, खरोखर काय घडतं तेच लिहायचं. वेळ, कुठे उभी होती, हातात काय होतं, काय लिहिलं, कुठे लिहिलं, ती माहिती कुठून घेतली आणि पुढे ती कोण वाचणार.

आमच्या तीस बेडच्या मेडिसिन वॉर्डात हे केलं तेव्हा एका नवीन ॲडमिशनचं नाव आणि आयपीडी (ॲडमिट पेशंटचा) नंबर एकाच शिफ्टमध्ये किती ठिकाणी लिहिला ते आम्ही मोजलं. इंडोअर पेपर, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, ड्रग चार्ट, इनटेक-आउटपुट, ॲडमिशन रजिस्टर, रिपोर्ट बुक, लॅबचा फॉर्म, लॅबच्या बाटल्या, फार्मसीचा इंडेंट (मागणीपत्र), डाएटची चिठ्ठी. दहा ठिकाणी, हाताने. हा कागद मी कमिटीत टेबलावर ठेवला तेव्हा पहिल्यांदा सगळे गप्प बसून वाचायला लागले. तोपर्यंत "नर्सिंगला काय लागतं, नोट्स आणि व्हायटल्स (ताप, नाडी, बीपी)" असंच सगळे धरून चालले होते.

जे कागदावर कधीच येत नाही तेही लिहा. ब्लड बँकेला किती फोन गेले, नातेवाईक किती वेळा विचारायला आले, मावशी ट्रॉली घेऊन एक्सरेला गेल्यामुळे किती वेळ थांबावं लागलं, औषध काढता काढता किती वेळा कुणी हाक मारली. सॉफ्टवेअरवाल्याला वाटतं की तुम्ही खुर्चीत बसून एका पेशंटचं सगळं भरून मग दुसऱ्याकडे जाता. तसं होत नाही हे त्याला या वहीतूनच कळतं. एका पेशंटची नोंद अर्धवट सोडून दुसऱ्याकडे पळावं लागतं, म्हणून अर्धवट नोंद तशीच सेव्ह राहिली पाहिजे, परत आल्यावर सगळं कोरं दिसता कामा नये. ही एवढी एक गोष्ट आधी सांगितली तर पुढचं निम्मं डोकं शांत राहतं.

नाईटची पण एक शिफ्ट लिहाच. सकाळचं काम बघून बनवलेली सिस्टीम रात्री गळ्यात येते. उदाहरण सांगते. इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम क्लोराइड अशा हाय अलर्ट औषधांना दोन नर्सनी तपासून सही करायची हा नियम बरोबरच आहे, तो हवाच. पण सिस्टीमने ‘दुसऱ्या नर्सने इथेच लॉगिन करा’ अशी सक्ती केली आणि रात्री वॉर्डात तुम्ही एकट्याच असाल, दुसरी सिस्टर खालच्या मजल्यावर, तर काय होतं? ती आपला पासवर्ड तुम्हाला सांगून ठेवते. म्हणजे तपासणी झालीच नाही आणि रेकॉर्डवर मात्र झालेली दिसते, जे नियम नसण्यापेक्षा वाईट. आम्ही आमच्या वहीवरून हे दाखवलं तेव्हा रात्रीसाठी नाईट सुपरवायझर तिच्या राऊंडमध्ये येऊन तपासेल आणि तिच्या मोबाइलवरून मान्यता देईल असं ठरलं, आणि जे डोस थांबू शकत नाहीत त्यांच्यासाठी रेसिडेंट डॉक्टर. हे सॉफ्टवेअरच्या ऑफिसात बसून कुणाला सुचलं नसतं.

कमिटीत कोण असावं

मेट्रन मॅडम (नर्सिंगच्या प्रमुख) असतातच, असायलाच हव्यात, पण त्यांनी बेडसाइड सोडून बरीच वर्षं झालेली असतात. त्यांच्याबरोबर एक इनचार्ज सिस्टर, एक आयसीयूची, एक लेबर रूम किंवा ओटीची, आणि एक तरी अशी स्टाफ नर्स जी महिन्याला खरोखर नाईट करते. शेवटची सगळ्यात महत्त्वाची. नाव तोंडी नको, कमिटीच्या ऑर्डरमध्ये टाईप झालेलं हवं, आणि मीटिंगचा वेळ ड्यूटीत धरलेला हवा. नाहीतर नाईट संपवून सकाळी दहाच्या मीटिंगला बसलेली सिस्टर काय बोलणार, तिला घरी जाऊन पोरांचे डबे करायचे असतात.

मॅनेजमेंट विचारेल की नर्सेस कशाला हव्यात, आयटीचे लोक आहेत ना. तेव्हा दोन गोष्टी सांगा. एक, हॉस्पिटलच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेने २०२३ मध्ये हॉस्पिटलसाठी खास डिजिटल हेल्थ स्टँडर्ड्स काढलीत, त्यामुळे हा विषय आता आयटीच्या खोलीपुरता राहिलेला नाही. दोन, इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ पासूनच्या नवीन बीएस्सी नर्सिंग अभ्यासक्रमात दुसऱ्याच सेमिस्टरला हेल्थ आणि नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स हा विषय आहे. म्हणजे कॉलेजातून येणाऱ्या मुली हे शिकून येतायत. अशी एखादी नवीन मुलगी आणि वीस वर्षं वॉर्ड सांभाळलेली इनचार्ज अशी जोडी बसवा. एकीला शब्द माहीत असतात, दुसरीला काम.

सरकारी हॉस्पिटलमध्ये असाल तर बहुतेक वेळा सॉफ्टवेअर तयारच येतं, केंद्र सरकारच्या एनआयसीचं ई-हॉस्पिटल किंवा सी-डॅकचं ई-सुश्रुत असं काहीतरी, आणि मग वाटतं की आता आपल्या हातात काय राहिलं. राहतं. ‘मास्टर’ नावाची गोष्ट असते, म्हणजे वॉर्डांची यादी, बेडचे नंबर, औषधांची यादी, तपासण्यांची यादी, औषध न देण्याची कारणं. या याद्या तुमच्याच हॉस्पिटलमध्ये भरल्या जातात, आणि बऱ्याचदा एखादा ऑपरेटर जुन्या रजिस्टरवरून भरतो. त्याच्या शेजारी जाऊन बसा. औषधांच्या यादीत डोपामिन आणि डोब्युटामिन एकाखाली एक येतात, रात्री तीन वाजता थकलेल्या डोळ्यांनी बोट कुठे पडेल सांगता येत नाही, तर अशा जोड्यांमध्ये वेगळी पडणारी अक्षरं ठळक किंवा रंगीत करून घ्या. गच्चीवरच्या एक्स्ट्रा बेडला नंबर द्या, कारण ॲडमिशन तिथे होतंच. बेड यादीत नसला तर पेशंट भलत्याच बेडवर दिसतो आणि त्याचं औषधही त्याच भलत्या बेडच्या नावाने वर येतं.

मागणी कशी मांडायची

"सिस्टीम सोपी करा" असं म्हटलं तर कुणालाच काही कळत नाही. प्रोग्रामर चांगली मुलं असतात, मी त्यांच्याबरोबर बसलेय, त्यांना नीट सांगितलं की ती मनापासून करतात, पण त्यांना प्रसंग सांगावा लागतो. कोण, कधी, कुठे उभी आहे, तिच्या समोर काय दिसायला हवं, तिने काय भरायचं, आणि भरलं नाही तर काय व्हावं.

म्हणजे असं: "सिस्टर जेवणाआधी बेडजवळ उभी राहून शुगर बघते. ग्लुकोमीटरचा आकडा टाकला की त्याच स्क्रीनवर डॉक्टरांनी लिहिलेला इन्सुलिनचा स्केल (किती शुगरला किती युनिट) दिसावा, आधीचे तीन आकडे आणि आधीचे डोस दिसावेत, आणि किती युनिट दिले ते तिथेच भरता यावं." आमच्या पहिल्या सिस्टीममध्ये शुगर व्हायटल्सच्या पानावर, इन्सुलिन औषधांच्या पानावर आणि स्केल डॉक्टरांच्या नोट्समध्ये होता. तीन पानं उघडायची, एक आकडा डोक्यात धरायचा. मग सिस्टर काय करतात, हातावर पेनाने लिहितात. मी स्वतः कितीतरी वेळा लिहिलंय.

सक्तीच्या रकान्यांवर तर भांडाच. एका ठिकाणी पेन स्कोअर, म्हणजे किती दुखतंय त्याचा आकडा, भरल्याशिवाय व्हायटल्स सेव्हच होत नव्हते. बेशुद्ध पेशंटला शून्य ते दहामधलं काय विचारणार? सगळ्या जणी शून्य टाकून पुढे जायला लागल्या. महिन्याने रिपोर्ट निघाला की आमच्या आयसीयूत कुणाला काही दुखतच नाही. सक्तीचा रकाना ठेवायचा तर ‘आत्ता सांगता येत नाही’ हा पर्याय हवा, आणि बेशुद्ध पेशंटसाठी वेदना बघायची वेगळी पद्धत असते ती तिथे हवी. तसंच औषध दिलं नाही तर कारण निवडायला लागतं, तिथे ‘पेशंटने नकार दिला’ एवढंच नको. एनबीएम आहे (तोंडाने काही द्यायचं नाही), उलटी झाली, सलाईनची लाईन निघाली, डॉक्टरांनी थांबवलं, आणि फार्मसीतून आलंच नाही. हे शेवटचं कारण यादीत असावं म्हणून आम्हाला तीन मीटिंग बोलावं लागलं. पण आता दर महिन्याला कुठलं औषध किती वेळा आलं नाही ते आकड्यात दिसतं, आणि इंडेंटवरून सिस्टरला बोलणी बसणं बंद झालंय.

आणि ते वेळेचं. ‘दिल्याची वेळ’ आणि ‘नोंदवल्याची वेळ’ दोन वेगळे रकाने मागा. नोंदवल्याची वेळ मशीनने टाकू दे, तिला कुणी हात लावायला नको, पण दिल्याची वेळ सिस्टरला भरता आली पाहिजे आणि पुढचा डोस त्या वेळेवरून मोजला गेला पाहिजे. खोटं लिहायला जागा राहील अशी भीती कुणी घातली तर सांगा की दोन्ही वेळा समोरासमोर दिसतातच, त्यामुळे उलट खरं काय ते जास्त कळतं.

एक मागणी पेशंटसाठी करा, ती सहसा कुणी करत नाही. डिस्चार्ज कार्डवरची औषधं मराठीत छापून यावीत, सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी की नंतर, किती दिवस. इंग्रजीतला बीडी-टीडीएस (दिवसातून दोनदा-तीनदा) वाचून घरी गेलेला पेशंट काय घेतो हे आपल्याला फॉलोअपला कळतं.

डेमोला त्यांचा पेशंट नको, तुमचा घ्या

डेमोमधला पेशंट नेहमी शहाणा असतो. एकच आजार, दोन औषधं, तिसऱ्या दिवशी डिस्चार्ज. तुम्ही आपले प्रसंग लिहून न्या आणि म्हणा की हे करून दाखवा. दुपारी १:५० ला, ओव्हरच्या वेळी, पेशंट वॉर्डातून आयसीयूत हलवायचाय, दोनचे डोस कुणाच्या यादीत दिसणार? जुळी बाळं झालीत, नाव ठेवलेलं नाही, दोघांच्या रक्ताच्या बाटल्यांवर काय छापून येणार? एमएलसी (पोलिस केसचा) पेशंट आलाय, नाव-गाव माहीत नाही, दोन तासांनी नातेवाईक सापडले, आधीच्या नोंदी नवीन नावाला जोडल्या जातात का? शेजारच्या दोन बेडवर दोन सुनीता आहेत, स्क्रीन काही इशारा देते का? चुकून दुसऱ्याच पेशंटच्या नावावर नोंद झाली, ती दुरुस्त कशी करायची, आणि दुरुस्त केल्यावर जुनं दिसतं की गायब होतं? (गायब होता कामा नये, कागदावर आपण एक रेघ मारून सही करतो, इथेही तसंच हवं.) पेशंट कोसळलाय, डॉक्टर तोंडी ऑर्डर देतायत, ॲड्रेनालिन गेलं, नोंद नंतर होणार, ती कशी?

आणि हे सगळं कॉन्फरन्स रूममध्ये नाही. वॉर्डातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, उभं राहून, हातमोजे घालून, आणि मुद्दाम त्या कोपऱ्यातल्या बेडजवळ जिथे वायफाय येत नाही. क्लिक मोजा. एका पेशंटचे व्हायटल्स भरायला किती क्लिक आणि किती सेकंद, मग तीस पेशंट आणि दिवसातून चार वेळा असा गुणाकार करून तो आकडा मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. एका पेशंटला दोन मिनिटं लागली तर तीस पेशंटचा एक तास झाला, चार वेळा म्हणजे चार तास, एका वॉर्डात, नुसत्या व्हायटल्ससाठी. हे चार तास कुठून येणार हा प्रश्न मॅनेजमेंटला तिथेच विचारायचा.

नर्सने सुचवलेली एक गोष्ट, आणि जुगाडाची वही

औषध देताना पेशंटच्या हातावरचा बँड आणि औषधाचा बारकोड स्कॅन करायचा ही पद्धत आता मोठ्या हॉस्पिटलमध्ये आपल्याकडेही दिसते. ही कल्पना एका नर्सची. अमेरिकेत कॅन्सस राज्यात टोपेका इथे माजी सैनिकांचं हॉस्पिटल आहे, तिथल्या स्यू किनिक या नर्सने १९९२ मध्ये भाड्याची गाडी परत करताना बघितलं की तिथला माणूस हातातल्या छोट्या स्कॅनरने गाडीचा बारकोड वाचून सगळं पटकन उरकतोय. गाडीला जमतं तर औषधाला का नाही, असं तिच्या मनात आलं. तिच्या हॉस्पिटलमध्ये त्यावर काम सुरू झालं आणि पुढे ती पद्धत तिथल्या सगळ्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये गेली. नंतर बोस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये तपासणी झाली, २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली, त्यात औषध देण्यातल्या चुका, वेळेच्या चुका सोडून, ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या होत्या.

पण याचीच दुसरी बाजू २००८ च्या एका अभ्यासात आहे, आणि ती मला जास्त जवळची वाटते. पाच हॉस्पिटलमध्ये नर्सेस हे स्कॅनिंग कसं टाळतात ते बघितलं. पंधरा प्रकारचे जुगाड सापडले आणि त्यांची एकतीस कारणं. पेशंटच्या बारकोडची जास्तीची प्रत काढून ती ट्रॉलीला चिकटवलेली, दाराच्या चौकटीला चिकटवलेली, कुणी कमरेच्या रिंगमध्ये अडकवलेली. आणि कारणं वाचली की आपलाच वॉर्ड आठवतो. बँड भिजलेला, पेशंटने चावलेला, औषधाच्या पाकिटावरचा बारकोड चुरगळलेला, स्कॅनरची बॅटरी उतरलेली, नेटवर्क जातंय, किंवा पेशंट सिरियस आहे आणि थांबायला वेळच नाही.

म्हणून सिस्टीम सुरू झाली की प्रत्येक वॉर्डात एक साधी दोनशे पानी वही ठेवा आणि तिच्यावर ‘जुगाड’ असंच लिहा. ज्या कुणी सिस्टीमला वळसा घालून काम केलं तिने एक ओळ लिहायची: तारीख, काय केलं, का करावं लागलं. नाव लिहायची सक्ती नको. इनचार्जने पहिल्याच दिवशी सांगायचं की या वहीवरून कुणाला मेमो निघणार नाही, आणि तो शब्द पाळायचा. एकदा जरी वहीतल्या ओळीवरून कुणाला बोलावून घेतलं तर वही कायमची कोरी राहते, पण जुगाड चालूच राहतो. आमच्याकडे पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त ओळी एकाच गोष्टीच्या होत्या, प्रिंटरचा बँडचा रोल संपला म्हणून चिकटपट्टीवर पेनाने नाव लिहून हाताला लावलं. सॉफ्टवेअरचा काही दोषच नव्हता, रोलचा इंडेंट कुणी करायचा हेच ठरलेलं नव्हतं.

ट्रेनिंग, आणि दोनदा लिहिणं

हॉलमध्ये साठ जणींना बसवून प्रोजेक्टरवर केलेलं ट्रेनिंग दुसऱ्या दिवशी आठवत नाही. प्रत्येक शिफ्टला, रात्री पण, दोन जणी अशा हव्यात ज्यांना सिस्टीम चांगली येते, आणि सुरुवातीचे दोन आठवडे त्यांना पेशंट कमी द्यायचे, नाहीतर त्या शिकवणार कधी. ज्या सिस्टरांची पंचवीस वर्षं नोकरी झालीय, टायपिंग येत नाही, त्यांना सगळ्यांसमोर "मॅडम तुम्हाला जमतंय ना" असं विचारू नका. त्यांना बाजूला घेऊन, खोट्या पेशंटवर, हवं तितक्या वेळा चुकू द्या. अशाच एका सिस्टरने आमच्याकडे सगळ्यात जास्त चुका शोधून दिल्या कारण ती प्रत्येक शब्द वाचून मगच क्लिक करत होती.

कागद बंद कधी होणार याची तारीख सुरू व्हायच्या आधी लेखी घ्या. टीपीआर चार्ट अमुक तारखेला, ड्रग चार्ट अमुक तारखेला, मेट्रनच्या आणि मेडिकल सुपरिंटेंडंटच्या सहीने. हे नाही केलं तर "असू दे थोडे दिवस दोन्ही" म्हणत वर्षानुवर्षं तेच काम दोनदा होतं. आणि दोन्हीकडे वेगळी माहिती निघाली तर कोर्टात उत्तर देताना सही आपली असते.

सर्व्हर गेला तर

जाणारच. रात्री, पावसात, नाहीतर नेमका सोमवारी. त्यासाठी वॉर्डात एक लाल फाइल ठेवा. तिच्यात कोरे ड्रग चार्ट, टीपीआर, लॅब फॉर्म, आणि दर सहा तासांनी आपोआप छापून येणारी वॉर्डातल्या सगळ्या पेशंटची एक यादी: बेड, नाव, ॲलर्जी, चालू औषधं, शेवटचा डोस कधी. यादी नवीन आली की जुनी फाडायची. सर्व्हर परत आल्यावर मधल्या नोंदी कोण भरणार हे आधीच ठरवा. ते काम पुढच्या शिफ्टच्या सिस्टरवर टाकलं तर तिने न दिलेल्या औषधावर तिच्या नावाची टिक पडते. ज्या आयडीवरून भरलं ती वेगळी आणि ज्या सिस्टरने दिलं ती वेगळी असं सिस्टीममध्ये लिहिता यायला हवं.

पासवर्डचं थोडक्यात. एकाच सिस्टरच्या लॉगिनवर अख्खा वॉर्ड चालतो हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय, आणि याचं कारण निष्काळजीपणा नसतो. नवीन सिस्टर जॉइन होते, तिचा आयडी यायला आठवडा लागतो, लॉगिन व्हायला दीड मिनिट लागतं. मागणी अशी करा की जॉइनिंगच्या दिवशी ओळखपत्राबरोबरच आयडी मिळावा आणि कार्ड टेकवून पाच सेकंदांत लॉगिन बदलावं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, आता पेशंटच्या माहितीबद्दल हॉस्पिटलला जास्त जपून राहावं लागणार, तर हा खर्च का हवा ते पटवायला सोपं जातं. आणि स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर डॉक्टरांना पाठवायची जी सवय लागलीय ती नुसती मनाई करून जाणार नाही, डॉक्टरांना मोबाइलवर रिपोर्ट दिसायची सोय मागा, मग जाईल.

एएनएम ताईंसाठी

एएनएम म्हणजे गावातल्या आरोग्य उपकेंद्रावरच्या नर्स. त्यांचं दुखणं वेगळं. तिथे एक सिस्टीम नसते, पाच-सहा असतात. गरोदर बाईसाठी आरसीएच पोर्टल, टॅबवर अनमोल ॲप, लसीकरणाला यू-विन, टीबीला निक्षय, बीपी-शुगरला एनसीडीचं, वर महिन्याचा रिपोर्ट एचएमआयएसला, आणि आभा (डिजिटल आरोग्य ओळख) नंबर काढून द्यायचा तो चौदा आकडी. रजिस्टर आहेतच. तिथे ताईंनी एक कोष्टक करावं: आडव्या ओळीत पोर्टलची नावं, उभ्या ओळीत माहिती, म्हणजे नाव, मोबाइल, शेवटच्या पाळीची तारीख, वजन, हिमोग्लोबिन, आणि जी माहिती जिथे जिथे भरावी लागते तिथे फुली. एका बाईसाठी एकच गोष्ट किती वेळा टाईप होते ते एका पानावर दिसतं. हे पान पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) महिन्याच्या मीटिंगमध्ये मेडिकल ऑफिसरांना द्या आणि तालुक्याला पाठवायला सांगा. तोंडी "खूप एंट्री आहेत" हे सगळे रोज ऐकतात, फुल्यांचं पान बघितल्यावर निदान कुठलं रजिस्टर इथेच बंद करता येईल यावर बोलणं सुरू होतं.

सुरू झाल्यावर तीन महिने

कमिटी बरखास्त होऊ देऊ नका. सुरू झाल्यावरच खऱ्या गोष्टी कळतात. महिन्याला एक मीटिंग, जुगाडाच्या वह्या टेबलावर, त्यातल्या तीनच गोष्टी निवडायच्या, कोण करणार आणि कधीपर्यंत ते लिहायचं. आणि बदल झाला की वॉर्डात जाऊन सांगायचं, कुणाच्या सांगण्यावरून झाला त्या सिस्टरच्या नावासकट.

आमच्याकडे एका नाईटच्या सिस्टरने लिहिलं होतं की ओव्हरचा प्रिंट पेशंटच्या नावाच्या अक्षरक्रमाने निघतो, आम्ही मात्र बेड एकपासून चालत जातो, त्यामुळे प्रत्येक बेडला पान उलटं-सुलटं करावं लागतं. आयटीच्या मुलाला सांगितलं, त्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बदलून दिलं. सहा महिने सगळ्या जणी ते पान उलटत होत्या आणि कुणालाच ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. आता प्रिंट बेडच्या क्रमाने निघतो, आणि गच्चीवरचे एक्स्ट्रा बेड शेवटी येतात.